कोर्टाबद्दल आपल्याला नेमकं काय माहीत आहे?

(युवक अभ्यास शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



आपल्या वस्तीत कोर्टाबद्दल दोन वाक्यं नेहमी ऐकू येतात. ‘कोर्टात आपल्याला न्याय मिळत नाही’ हे एक. ‘आता कोर्टच काय ते करेल’ हे दुसरं. गंमत अशी की पुष्कळदा दोन्ही वाक्यं एकाच माणसाच्या तोंडची असतात. यातलं कोणतं खरं, हे मी आज सांगणार नाही. खरं-खोटं शोधायचं कसं आणि शोधताना अडचणी कुठे येतात, याबद्दल बोलणार आहे.

तुमच्यापैकी बरेच जण कायद्याचे विद्यार्थी आहेत. तुम्हाला निकाल वाचायला शिकवतात. शाहबानो १९८५, डॅनियल लतिफी २००१, शमीम आरा २००२, शायरा बानो २०१७. ही नावं तुम्हाला पाठ आहेत, आणि ती असायलाच हवीत. पण हे सगळे निकाल सर्वोच्च न्यायालयाचे. देशात चार कोटींहून अधिक खटले जिल्हा आणि तालुका कोर्टांत प्रलंबित आहेत. सामान्य माणसाचं कोर्ट म्हणजे ते. तिथे काय घडतं हे दिल्लीचा निकाल वाचून कळत नाही. त्यासाठी तिथे जाऊन बसावं लागतं, मोजावं लागतं, माणसांना विचारावं लागतं.

आणि मोजतानाही फसगत होते. एक प्रसिद्ध उदाहरण सांगतो. २०११ साली इस्रायलमधल्या पॅरोल मंडळांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आठ न्यायाधीश, दहा महिन्यांचा काळ, १,११२ निर्णय. न्यायाधीश दिवसातून दोनदा खाण्यासाठी थांबत. संशोधकांना दिसलं असं की सत्राच्या सुरुवातीला सुमारे ६५ टक्के कैद्यांच्या बाजूने निर्णय होतो. पुढे हे प्रमाण घसरत जातं, सुट्टीच्या आधी जवळजवळ शून्यावर येतं आणि खाऊन परत आल्यावर पुन्हा ६५ टक्के. जगभरच्या वर्तमानपत्रांनी ते उचललं. भुकेला न्यायाधीश कैद्याला सोडत नाही! कुणालाही पटेल अशी गोष्ट आहे. जेवणाआधी आपणही चिडचिडे असतोच.

त्याच वर्षी, त्याच नियतकालिकात दोन अभ्यासकांनी एक साधा प्रश्न विचारला : कैद्यांचा क्रम कोण ठरवतं? त्यांनी तिथल्या कामकाजाची चौकशी केली. कळलं की एका तुरुंगातले कैदी शक्यतो सुट्टीच्या आधी संपवले जातात आणि ज्यांना वकील नाही ते बहुधा त्या तुरुंगाच्या यादीत शेवटी येतात. वकील नसलेल्याचा अर्ज मंजूर होण्याची शक्यता मुळातच कमी. म्हणजे सुट्टीच्या आधी निकाल कडक दिसतो याचं एक कारण न्यायाधीशाची भूक नसून समोर बिनवकिलाचा माणूस उभा आहे, हेही असू शकतं. मूळ संशोधकांनी उत्तर दिलं की हे लक्षात घेऊनही परिणाम उरतोच. मग २०१६ साली आणखी एका अभ्यासकाने दाखवलं की अर्ज मंजूर करायला जास्त वेळ लागतो, आणि सुट्टी जवळ आल्यावर न्यायाधीश लांबणारं प्रकरण हातात घेत नसेल, तर एवढ्यानेही आकड्यांत मोठी घसरण दिसू शकते. भूक असो वा नसो.

आपल्याकडे तालुका कोर्टात बोर्ड कसं लागतं, हे ज्याने पाहिलं आहे त्याच्या मनात हा प्रश्न पहिल्याच मिनिटाला आला असता. कुठला पुकारा आधी, कोणाचं प्रकरण ‘पासओव्हर’ करून दुपारी, कुठल्या वकिलाला दुसऱ्या कोर्टात जायचंय म्हणून त्याचं आधी, हे बेंच क्लार्कला विचारा. तो दहा मिनिटांत सांगेल. आकडे हाताळणाऱ्याने बेंच क्लार्कबरोबर चहा प्यायलाच हवा, असं माझं मत आहे. संख्याशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात ते लिहिलेलं नसतं.

आता आपल्या देशाकडे येऊ. हा अभ्यास तुम्ही नीट ऐका, कारण तो आपल्याबद्दल आहे.

ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर खालच्या कोर्टांतल्या खटल्यांची नोंद असते. देशी-परदेशी अर्थशास्त्रज्ञांच्या एका गटाने २०१० ते २०१८ या काळातल्या नोंदी गोळा केल्या आणि त्यातले ५० लाखांहून अधिक फौजदारी खटले तपासले. प्रश्न होता : आरोपी मुस्लीम आणि न्यायाधीशही मुस्लीम असेल, तर आरोपी सुटण्याची शक्यता वाढते का? हिंदू आरोपीला हिंदू न्यायाधीशाकडे फायदा होतो का? स्त्री आरोपीला स्त्री न्यायाधीशाकडे?

पद्धत समजून घ्या, ती सुंदर आहे. समजा एका ठिकाणी दोन न्यायदंडाधिकारी आहेत. कोणत्या पोलीस ठाण्याचे खटले कोणाकडे जाणार हे कामवाटपावर ठरतं, आणि न्यायाधीशांच्या बदल्या होत असतात. आरोपीला आपला न्यायाधीश निवडता येत नाही. त्यामुळे त्याच कोर्टात, त्याच महिन्यात, त्याच कलमाखाली आलेले दोन आरोपी वेगवेगळ्या न्यायाधीशांपुढे जातात ते जवळजवळ चिठ्ठी टाकल्यासारखे. मग तुलना रास्त होते.

निष्कर्ष असा की धर्म किंवा लिंग समान असल्याने निकालात मोजता येईल असा फरक पडत नाही. आरोपी आणि फिर्यादी पक्ष वेगळ्या धर्माचे असले तरीही नाही. आडनाव समान असेल तर थोडा फरक दिसला, पण तो दुर्मीळ आडनावांपुरता, आणि एकूण व्यवहारात अगदी लहान.

हा निष्कर्ष ऐकल्यावर इथे दोन-चार चेहऱ्यांवर अविश्वास दिसतोय. साहजिक आहे. पण आवडला नाही म्हणून अभ्यास फेकून द्यायचा नसतो. मी तो मानतो. तालुक्याच्या कोर्टातला हिंदू न्यायाधीश आरोपीचं नाव वाचून शिक्षा ठोकतो, ही जी सरसकट धारणा आपल्याकडे आहे, तिला या अभ्यासात आधार मिळत नाही. हे आपण आपल्या लोकांना सांगायला हवं, विशेषतः ज्या घरातला मुलगा कच्चा कैदी आहे आणि ‘वकील देऊन काय उपयोग’ म्हणून जे घर हातपाय गाळून बसलं आहे, त्या घराला.

त्याच वेळी हा अभ्यास काय सांगत नाही, तेही बघा. त्याने न्यायाधीशाची न्यायाधीशाशी तुलना केली. सगळेच न्यायाधीश, मुस्लीमसुद्धा, मुस्लीम आरोपीशी सारखेच कडक वागत असतील, तर ते या मोजमापात दिसणारच नाही. दुसरं, ही मोजणी खटला कोर्टात नोंदला गेल्यावर सुरू होते. कोणाला पकडलं, कोणतं कलम लावलं, कोणाला ठाण्यातूनच समज देऊन सोडलं, हे सगळं त्याच्या आधी होऊन गेलेलं असतं. तिसरं, संकेतस्थळावरची ‘निकाली’ ही नोंद कित्येकदा इतकी मोघम असते की आरोपी सुटला की त्याला शिक्षा झाली, तेही कळत नाही. आणि याच संशोधकांनी मांडलेली आणखी एक गोष्ट : लोकसंख्येत मुस्लीम सुमारे १४ टक्के, पण खालच्या कोर्टांतल्या न्यायाधीशांत सुमारे ७ टक्के. पक्षपात सापडला नाही, पण प्रतिनिधित्व निम्मंच आहे. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी असू शकतात.

नावाचा मुद्दा मला थोडा जास्त छळतो. पन्नास लाख माणसांचा धर्म कसा ओळखला? संगणकाला नावं शिकवून. कोर्टाच्या नोंदीत धर्म लिहिलेला नसतो, त्यामुळे दुसरा मार्गही नव्हता. देशपातळीवर हे बऱ्यापैकी जमतं. पण तुम्ही उद्या फक्त रत्नागिरी किंवा सांगली जिल्ह्यापुरता असा अभ्यास करायला घेतलात तर? आपल्यात देसाई आहेत, देशमुख आहेत, पाटील, इनामदार, मुकादम आहेत. नोंदीत ‘राजू’ किंवा ‘बाबू’ एवढंच नाव असेल आणि आडनाव पाटील, तर संगणक काय करणार? उलट बाजूला साहेबराव, सुलतानराव, फकिरा ही हिंदू घरांतली नावं. अशा चुका वाढल्या की खरोखरीचा फरकही पुसट होत जातो. इथे तुमच्या गावाची ओळख कामाला येते. दिल्ली-अमेरिकेत बसलेल्या संशोधकाला न दिसणारी गोष्ट तुम्हाला घरबसल्या माहीत असते.

तुरुंगाच्या आकड्यांबद्दल थोडक्यात बोलतो, कारण ते आपल्याकडे सगळ्यात जास्त फिरतात. महाराष्ट्रात २०११च्या जनगणनेत मुस्लीम ११.५ टक्के. राज्याच्या तुरुंगांतलं त्यांचं प्रमाण त्याच सुमाराला दुपटीहून अधिक होतं. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतल्या विजय राघवन आणि रोशनी नायर यांनी राज्य अल्पसंख्याक आयोगासाठी यावर अभ्यास केला, तुरुंगात जाऊन कैद्यांशी बोलून. त्यांनी आकडा सांगून थांबायचं नाकारलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. गरिबी, शिक्षण, शहरातली वस्ती, वकील मिळणं न मिळणं, सुटल्यावर काम मिळणं, हे त्यांनी विचारलं. तुरुंगातला आकडा म्हणजे चाळण्यांच्या एका रांगेतून खाली उरलेलं धान्य. पोलीस ही एक चाळणी, जामीन दुसरी, वकील तिसरी, न्यायाधीश त्यानंतर. खालचं धान्य बघून दोष कोणत्या चाळणीचा, हे सांगता येत नाही. जामीन मंजूर होऊनही जामीनदार मिळत नाही म्हणून आत राहिलेला माणूस त्या आकड्यात असतो, आणि त्याच्या बाबतीत न्यायाधीशाने तर त्याला सोडलेलं असतं.

आता कागद. कोर्टाचा कागद पवित्र आहे असं आपण धरून चालतो. साक्षीदाराचा जबाब वाचताना वाटतं की ती बाईच बोलते आहे : ‘मी सांगते की माझे लग्न अमुक साली झाले.’ पण ती दखनीत बोललेली असते, प्रश्नाच्या उत्तरात, कधी नुसती मान हलवून. आपल्या कायद्यात साक्ष साधारणपणे प्रश्नोत्तरं न लिहिता सलग निवेदनाच्या रूपात नोंदवतात. न्यायाधीश ती मराठीत सांगतात आणि टंकलेखक लिहून घेतो. दखनीतलं रडणं मराठीत ‘मला त्रास दिला’ होऊन बसतं. खोटेपणा त्यात कोणाचाच नाही, ती पद्धतच आहे. मात्र त्या जबाबावरून बाईच्या मनातलं काही सिद्ध करायला निघालात तर तुम्ही न्यायाधीशाची भाषा वाचत आहात, याची आठवण ठेवा. प्रतीक्षा बक्षी यांनी अहमदाबादच्या सत्र न्यायालयात बसून बलात्काराच्या खटल्यांवर काम केलं. २०१४ साली त्यांचं पुस्तक आलं. कागदावर ‘साक्षीदार फितूर’ हे दोन शब्द असतात. त्या दोन शब्दांच्या मागे कोर्टाबाहेर काय काय घडलेलं असतं, हे तिथे बसल्याशिवाय कळलं नसतं.

पण कागद वाचूनही मोठी कामं झाली आहेत. १९८६चा मुस्लीम महिला कायदा आला तेव्हा एक बाजू म्हणाली, शरियत वाचली. दुसरी म्हणाली, तलाकपीडितेचं दार कायमचं बंद. पुढे फ्लेविया ॲग्नेस यांच्यासारख्या अभ्यासकांनी खालच्या कोर्टांचे आणि उच्च न्यायालयांचे निकाल काढून वाचले. दिसलं असं की ‘वाजवी आणि न्याय्य तरतूद’ हे कायद्यातलेच शब्द धरून अनेक न्यायाधीश बाईला एकरकमी रक्कम देत होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २००० साली करीम अब्दुल रहमान शेख प्रकरणात ते मान्य केलं, आणि २००१ साली डॅनियल लतिफी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने. दोन्ही बाजूंच्या घोषणा चालू होत्या आणि तालुक्याच्या कोर्टात तिसरंच काही घडत होतं. आपल्या चळवळीतल्या लोकांनीसुद्धा ते उशिराच वाचलं, असं मला वाटतं.

अर्थात निकालात रक्कम लिहिली म्हणजे ती बाईच्या हातात पडली असं नाही. शिवाय बरीच प्रकरणं तडजोडीने मिटतात, आणि तडजोड नेमकी कशी झाली, कोणत्या नातेवाइकाने कोणाच्या घरी बसून केली, हे रोजनाम्यात नसतं. गोपिका सोळंकी यांनी मुंबईत कौटुंबिक न्यायालयाबरोबरच जमात आणि मोहल्ला पातळीवरच्या निवाड्यांचाही अभ्यास केला तो यासाठीच. माणसं एका दारातून दुसऱ्या दारात जात असतात. एकाच दारात उभं राहिलं तर अर्धीच गोष्ट दिसते.

आणि खुद्द न्यायाधीश? त्यांना विचारता येतं का?

येतं, पण अवघड आहे. खालच्या कोर्टातले न्यायाधीश उच्च न्यायालयाच्या नियंत्रणाखाली असतात, संविधानाच्या कलम २३५ प्रमाणे. त्यांची मुलाखत घ्यायची तर वरून परवानगी लागते, आणि ती मिळेलच असं नाही. चालू प्रकरणावर ते बोलणार नाहीत, बोलूही नये. म्हणून बरेच संशोधक निवृत्त न्यायाधीशांकडे वळतात. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातल्या गटाने सर्वोच्च न्यायालयाच्या ६० माजी न्यायाधीशांशी फाशीच्या शिक्षेबद्दल संवाद साधला आणि २०१७ साली अहवाल काढला. कोण काय बोललं ते नाव लावून छापलं नाही. त्यात कोठडीतल्या छळाच्या प्रश्नावर ३९ जण बोलले, आणि छळ होत नाही असं म्हणणारा फक्त एक होता. विचार करा. कबुलीजबाब आणि पुरावे कसे मिळवले जातात हे ज्यांना माहीत होतं, तीच माणसं त्या पुराव्यांवर निकाल देत होती. आणि ‘दुर्मिळातील दुर्मीळ’ या १९८०च्या कसोटीचा अर्थ प्रत्येकाकडे निराळा निघाला. हे कोणत्याही निकालपत्रात सापडलं नसतं. तिथे प्रत्येक जण तीच कसोटी उद्धृत करतो.

मुलाखतीची खोट अशी की समोरचा माणूस आयुष्यभर प्रश्न विचारत आलेला आहे, उत्तर देण्याची त्याला सवय नाही. तो तुमचीच उलटतपासणी घेतो. शिवाय माणूस स्वतःला जसा पाहतो तसं सांगतो. अमेरिकेत २००९ साली १३३ न्यायाधीशांवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. मनातला नकळतचा वंशभेद मोजणाऱ्या चाचणीत बहुतेक गोऱ्या न्यायाधीशांचा कल गोऱ्यांकडे दिसला. पण काल्पनिक खटला दिला आणि त्यात आरोपीचा वंश स्पष्ट सांगितला, तेव्हा त्यांनी स्वतःला सावरलं. आपल्याला पारखलं जातंय हे कळल्यावर माणूस सांभाळून वागतो. रोजच्या शंभर प्रकरणांच्या बोर्डात तो तितका सावध राहतो का, हे प्रयोगशाळा सांगू शकत नाही.

बाकीच्या अडचणी भराभर सांगतो. कौटुंबिक न्यायालयात सुनावणी बंद दाराआड होऊ शकते, तिथे बसू देतीलच असं नाही. फाइलची नक्कल हवी तर माहिती अधिकाराचा अर्ज टाकून चालत नाही. उच्च न्यायालयाच्या नियमांप्रमाणेच अर्ज करावा लागतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितलं. अवमानाची भीती विद्यार्थ्यांना फार वाटते. १९७१च्या कायद्यातच म्हटलं आहे की निकाली निघालेल्या प्रकरणाच्या गुणदोषांवर रास्त टीका हा अवमान नाही. मात्र न्यायाधीशाच्या हेतूवर शेरा मारू नका. आकडे बोलू द्या. फ्रान्सने तर २०१९ साली न्यायाधीशांची नावं घेऊन त्यांच्या निकालांची तुलना करण्यावरच बंदी घातली. आपल्याकडे तशी बंदी नाही, तोवर हे काम करून घ्या.

आणि एक गोष्ट जपा. कोर्टाच्या व्हरांड्यात बसलेली बाई तुम्हाला वकील समजते, संस्थेची कार्यकर्ती समजते. तुमच्याशी बोलल्याने तिची तारीख लवकर लागणार नाही, हे बोलण्याआधी सांगा, तिला समजेल अशा भाषेत. नाव लिहू नका. गाव लहान असेल तर गावही लिहू नका.

तुम्ही विचाराल, आम्ही काय करायचं? पन्नास लाख खटले तुम्हाला झेपणार नाहीत. एक कोर्ट झेपेल. कायदा सांगतो की अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा. सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या आपल्या नागपूर खंडपीठातून गेलेल्या प्रकरणात २०२० साली सांगितलं की दोन्ही पक्षांनी उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यायचं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची. जुलै २०२४मध्ये त्याच न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केलं की तलाकशुदा मुस्लीम स्त्रीलाही कलम १२५चा मार्ग खुला आहे. आज ते कलम नव्या संहितेत १४४ आहे. निकाल झाले, आपण पेढे वाटले. तुमच्या तालुक्यात काय झालं?

एक वही घ्या. गेल्या दोन वर्षांतली पोटगीची सगळी प्रकरणं घ्या, फक्त मुस्लीम नव्हे, कारण तुलना केल्याशिवाय उशीर सगळ्यांचा की आपलाच, हे कळणार नाही. रकाने पाडा : अर्जाची तारीख, नोटीस बजावल्याची तारीख, प्रतिज्ञापत्र आलं का, अंतरिम आदेशाची तारीख, रक्कम, मधल्या तारखा किती आणि प्रत्येक तारीख कोणी मागितली. यातलं बरंचसं रोजनाम्यातून मिळेल. शेवटचा रकाना कुठल्याही संकेतस्थळावर मिळणार नाही, तो भरायला त्या बाईच्या घरी जावं लागेल : पहिला हप्ता हातात पडला तो दिवस.